मेयर अण्णा आणि मागचं गेट

माझ्या घरमालकांनी पंधराव्या शतकात वारलेल्या एका जर्मन मुलीचं सुतक पाळलं, तेव्हा मला बंगळूरला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी वर राहते, ते खाली. पाण्याची मोटार का बंद आहे ते विचारायला सकाळी खाली उतरले, तर देवघराचा पडदा ओढलेला आणि मानोजीराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दाढीचे खुंट वाढवून व्हरांड्यात बसलेले. मी घाबरले. कोण गेलं म्हणून विचारलं.

"हाइन्रिखरावांची मधली मुलगी," ते म्हणाले. "आठ वर्षांची होती. प्लेग."

अरेरे, कधी, असं मी विचारलं. त्यांनी बोटं न मोजता सांगितलं, साडेपाचशे वर्षं झाली असतील की. नातं लांबचं म्हणून सुतक तीनच दिवस, तोवर मोटारीचं बटण तूच दाब.

मी नागपूरची. आमच्याकडे विक्षिप्त माणसांची कमतरता नाही, पण त्यांचे पूर्वज निदान भारतीय असतात.

ह्या हाइन्रिखरावांचं दरवर्षी श्राद्धही होई. भटजींनी गोत्र विचारलं तेव्हा अण्णांनी मिठाचा व्यापार होता म्हणून सांगितलं, आणि भटजींनी गोत्र माहीत नसलेल्यांना लावतात तसं काश्यप लावून टाकलं. जर्मन तारखेवरून तिथी काढायला अण्णांना दोन वर्षं लागली होती. एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "पाचशे वर्षं झाली, अजून कुणी तक्रार केली नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. उपमा खारट झाला तरी हेच वाक्य येई.

मानोजीरावांचं घराणं कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. त्यांच्या मराठीत म्हणून 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' असतं, मला ते 'अक्का' म्हणतात, आणि पुण्याची माणसं बोलायला लागली की ते कानाला हात लावून पुढे झुकतात, जणू परदेशी पाहुणा आलाय. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं यंत्रं जुळवली. तिथूनच एकदा त्यांना आठ महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं, ग्राइंडिंगचं नवं यंत्र शिकायला. गाव लहान होतं. त्याचं नाव अण्णा घशातून असं काही काढतात की मला ते अजून लिहिता आलेलं नाही. रविवारी तिथं सगळं बंद. त्यांची घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती. ह्या माणसाचं काय करावं हे न कळून ती त्यांना चर्चमध्ये घेऊन गेली. तिथं भिंतीत एक थडग्याचा दगड होता. दगडावर झगा घातलेला माणूस, नाक झिजून गेलेलं. हा आमच्या गावचा महापौर, सहा वेळा झाला, असं ती म्हणाली, आणि निघताना त्याच्या घरवहीची छापील प्रत हातात ठेवली.

घरवही म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर लिहिलेली वही. मूल झालं, दात काढला, नगरसभेत काय ठरलं, कुठल्या सरदाराने मिठाच्या गाड्या अडवल्या, वाइन आंबली, बायको गेली. सगळं एकाच सुरात, एकाखाली एक. अण्णांना येत होतं ते जर्मन यंत्राच्या पुस्तकातलं. त्यामुळे त्यांच्या पहिल्या भाषांतरात महापौर लग्न करत नाही, 'घट्ट बसवला जातो', आणि मुलं जन्मत नाहीत, 'पुरवली जातात'. पुढे वीस वर्षं त्यांनी ते दुरुस्त करत आणलं. अकरा लांबड्या वह्या झाल्या. पत्नी गेल्यावर, मूलबाळ नसलेल्या त्या घरात, ते रोज सकाळी त्या तारखेचं पान काढून वाचू लागले. त्या पानावर जो दिवस असेल तो अण्णांचा दिवस. मिठाच्या गाड्या सुटल्या की पेढे, दात दुखला की मऊ भात.

अशा माणसाला आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, लोकांनी निवासी संघाचा अध्यक्ष केलं, कारण दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. हेब्बाळ तळ्याच्या बाजूला आमची ही साठ-सत्तर घरं आहेत. अण्णांनी तिथं महापौराचा कारभार सुरू केला. त्या गावात म्हणे महापौर वर्षातून एकदा घरोघरी जाऊन चुली पाहायचा, कारण एका चुलीने अख्खं लाकडी गाव जळायचं. तर अण्णाही दर वर्षी खाकी पिशवी घेऊन प्रत्येक स्वयंपाकघरात शिरायचे. गॅसची नळी वाकवून बघायचे, शेगडीला नाक लावायचे, नापसंतीने "स्वल्प गळतंय" म्हणायचे. लोक वैतागायचे आणि कॉफी द्यायचे. सभेत मतदान हात वर करून नाही, चण्यांनी. नऊ सदस्य, कापडी पिशवी, होकाराला काबुली चणा, नकाराला काळा. आमच्या गावात असंच होतं, ते सांगत. आमच्या म्हणजे त्या जर्मन गावात. बंगळूरला ते 'इथं' म्हणतात.

त्यांच्या ह्या सगळ्याचा खरा श्रोतृवर्ग म्हणजे लक्ष्मम्मा. ती चौदा वर्षं त्यांच्याकडे सकाळचा स्वयंपाक करायची. अण्णा ओट्याजवळ स्टूल टाकून तिला कन्नडमध्ये त्या दिवसाचं पान सांगायचे. तिची पक्की समजूत होती की हाइन्रिखराव म्हणजे अण्णांच्या आजोळचं कुणीतरी, तुमकूरकडचं. तिला तो माणूस आवडत नसे. बायको बाळंतीण असताना मीठ विकायला कशाला गेला, असं ती चपात्या लाटताना विचारी. अण्णा त्याची बाजू घेत, तेव्हा रस्ते वाईट होते, दुसरा कुणी नव्हता वगैरे. ती म्हणे, सगळे पुरुष असंच सांगतात. एकदा मी वरून उतरत होते तेव्हा महापौराची मुलगी प्लेगने गेली ते पान चाललं होतं, जे अण्णा तोवर दर वर्षी तिला सांगायचं टाळत आले होते. लक्ष्मम्मा लाटणं खाली ठेवून पदराने डोळे पुसत होती आणि अण्णा तिला पाणी देत होते. ती चिडून म्हणाली, असलं सकाळी सकाळी सांगत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं, बाकीची पोरं वाचली का.

आता गेटाचं.

आमच्या लेआउटच्या टोकाला, तळ्याकडे, एक लोखंडी गेट होतं, एक माणूस आडवा जाईल एवढं. त्याच्या पलीकडे वस्ती. लक्ष्मम्मा तिथली, आणि लेआउटमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात भांडी, केर, स्वयंपाक करणाऱ्या बायका तिथल्याच. त्या गेटातून आल्या तर पाच मिनिटं. नाहीतर मोठ्या रस्त्याने वळसा, पाऊण तास, मध्ये तो रस्ता ओलांडायचा, ज्यावर गाड्या माणूस बघून वेग वाढवतात. एका घरातली सायकल चोरीला गेली. दोन आठवड्यांनी ती त्याच घराच्या तळघरात जुन्या गादीमागे सापडली, पण तोवर 'सुरक्षा' हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर मोकाट सुटला होता. गेट बंद करून भिंत घाला, अशी मागणी आली. मी स्पष्ट लिहिते, ही मागणी निर्लज्ज होती. ज्यांच्या हातचं खायचं त्यांच्यापासून सुरक्षा हवी होती.

मी पत्रकं काढते. कॉलेजात असल्यापासून काढते. झाडं, फुटपाथ, सफाई कामगारांचे हातमोजे. एक पान, मोठा मथळा, कुणाचं तरी नाव. नाव नसेल तर पत्रक रद्दीत जातं, हे मी शिकले होते. सभेआधी मी अण्णांना गाठलं. तुम्ही विरोध करणार ना, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, अक्का, अध्यक्षाने सभेआधी मत सांगायचं नसतं. मग सभेनंतर सांगा, मी म्हटलं. नंतरही सांगायचं नसतं, ते म्हणाले. मला राग आला. हा असा माणूस, ज्याच्या घरात लक्ष्मम्मा चौदा वर्षं राबते.

सभा झाली. आठ पांढरे, एक काळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, बायका कामावर येण्याच्या वेळी, अण्णा इस्त्रीचा सदरा आणि जुना कोट घालून त्या गेटापाशी उभे राहिले. हातात कागद होता. पहिल्यांदा कन्नडमध्ये, मग तमिळमध्ये, मग कुणी मराठी नसताना मराठीत, त्यांनी ठराव वाचून दाखवला. महिनाअखेरीला गेट बंद होईल. सही, अध्यक्ष. तीस-चाळीस बायका होत्या. कुणी हसलं, कुणी शिवी घातली, एक त्यांच्या पायाशी थुंकली. लक्ष्मम्मा मागे उभी होती. त्या दिवशी ती कामाला आली आणि आमटी-भात करून गेली. त्यांनी त्या दिवशीचं पान सांगायला स्टूल ओढलं, तेव्हा तिने मिक्सर लावला. हे मला त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं.

माझं पत्रक दोन दिवसांत निघालं, कन्नडमध्ये, मैत्रिणीकडून तपासून घेतलेलं. मथळा होता, 'जेवण चालतं, वाट चालत नाही'. खाली अण्णांचं नाव आणि पद, ठळक. त्यांनी खुर्चीसाठी ह्या बायकांना विकलं, असं मी लिहिलं. खुर्ची म्हणजे प्लॅस्टिकची, सभेच्या दिवशी बाहेर काढायची, पण पत्रकात खुर्ची म्हटलं की खुर्ची होते. शेवटी मी आणखी एक काम केलं. तो एक काळा चणा कुणाचा असेल ह्याचा विचार केला. समितीत रोहिणी मॅडम होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, खादी नेसणाऱ्या, माझ्याशी नेहमी छान बोलणाऱ्या. नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं मी लिहिलं, की त्या सभेत एका शिक्षिकेने एकटीने विवेक जागा ठेवला. मॅडमनी मला जिन्यात गाठून खांदा थोपटला. "तू धीट आहेस हं," म्हणाल्या.

वस्तीत पत्रकाच्या दोनशे प्रती वाटल्या. लक्ष्मम्माला वाचता येत नव्हतं. तिच्या सुनेने तिला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून ती अण्णांकडे यायची थांबली. लेआउटमधली बाकीची तिची दोन घरं तिने ठेवली. बाकी बायकाही आपापल्या कामाच्या घरी जात राहिल्या, गेटाच्या जागी भिंत आल्यावर वळसा घालून. म्हणजे ज्यांनी पांढरे चणे टाकले त्यांच्या घरची भांडी घासली जात होती, आणि खालून मला रोज सकाळी करपल्याचा वास येत होता. मला तेव्हा त्यात न्याय दिसला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दिसला.

अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पत्रक मिळालं होतं, त्यांच्या टेबलावर होतं, चष्म्याखाली. मोटारीचं बटण, दुधाच्या पिशव्या, सगळं पूर्वीसारखंच बोलत. फक्त 'अक्का' म्हणायचे थांबले. ते आपोआप झालं असेल.

भिंत उभी राहून महिना झाल्यावर संघाच्या चिटणिसांशी माझं पार्किंगवरून भांडण झालं. भांडणात माणूस हवं ते बोलतो. ते म्हणाले, तू तर त्या म्हाताऱ्यालाच झोडपलंस, जो एकटा आमच्या विरुद्ध गेला. मला कळेना. ते हसून म्हणाले, आम्ही आठ जण सभेनंतर कॉफी प्यायला गेलो होतो, रोहिणी मॅडमसुद्धा. आठांनी एकमेकांना सांगितलं की आपण पांढरा टाकला. मग उरलं कोण.

मी तशीच खाली गेले. अण्णा तव्यावरचा डोसा उलथण्याने खरवडत होते. मी माफी मागितली. माझी माफी पण पत्रकासारखीच असते, मुद्दे होते तीन. चुकीचा माणूस, चुकीची स्तुती, आणि आता काय करायचं. मी उद्याच दुसरं पत्रक काढते, असं सांगितलं.

ते गॅस बंद करून बसले. कोण म्हणालं तुला, विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, आणि मला वाटलं होतं त्या कारणाने नाही. त्या आठांनी आपसांत सांगितलं ह्याचं त्यांना वाईट वाटलं होतं. सभेला बसताना शपथ घेतली होती सगळ्यांनी, ते म्हणाले, बाहेर बोलायचं नाही म्हणून. मी म्हटलं, अण्णा, ती शपथ त्यांनी गंमत म्हणून घेतली होती, तुम्ही कॉफी पाजता म्हणून.

"मी गंमत म्हणून नव्हती घेतली की."

मग त्यांनी मला हाइन्रिखरावांची एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी लक्ष्मम्मालाही सांगितली नव्हती. लढाईला पैसा आणि धातू हवा म्हणून नगरसभेने चर्चची मोठी घंटा वितळवायचं ठरवलं. तीच घंटा त्यांच्या मुलीसाठी वाजली होती. त्यांनी विरोधात मत दिलं, हरले, आणि महापौर म्हणून खिडकीत उभं राहून ठराव त्यांनाच वाचावा लागला. खाली लोकांनी सडके कोबी फेकले. त्यांना वाटलं, ह्यानेच केलं. त्या दिवशी घरवहीत एकच ओळ आहे. अण्णांनी वही न उघडता म्हटली, "आज वाचलं. वारा होता."

मला ह्या शौर्याचा राग आला. अजून येतो. मी म्हटलं, राजीनामा का नाही दिलात. ते म्हणाले, मी उठलो तर त्या खुर्चीत त्या आठांतला एक बसेल, पुढच्या वेळी काळा एक पण पडणार नाही. बरं, मग निदान लक्ष्मम्माला सांगा. तिला एकटीला. कोण शपथ विचारायला येतंय. त्यावर ते म्हणाले, कागदावर सही माझी आहे अक्का, गेट माझ्या सहीनं बंद झालं. मत माझं मला, सही सगळ्यांना. तू काही छापू नकोस. सरी?

मी सरी म्हटलं नाही. सरळ वळसा घालून वस्तीत गेले. रस्ता ओलांडताना दोनदा मागे आले. लक्ष्मम्मा दारात तांदूळ निवडत होती. मी तिला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं, काळा चणा, पांढरे चणे, पत्रकात मी काय चूक केली ते. तिने सूप खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बोलेल. तिने मला बोलायला हवं होतं.

ती म्हणाली, "चौदा वर्षं त्या कुणा मेलेल्या माणसाचं दात दुखणंसुद्धा मला सांगितलं. हे सांगता आलं नाही?"

ह्यात पत्रकात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, दुसऱ्या घरचं काम आटोपून ती अण्णांच्या दारात आली. मी जिन्यावर होते, तिने मला हातानेच थांबवलं. चप्पल काढली नाही. आत आली नाही. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते, ते उठून उभे राहिले. बस म्हणाले. ती बसली नाही.

तिने सरळ विचारलं, काळा चणा तुमचा होता का.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मी मनात म्हणत होते, बोला. एक शब्द. हो म्हणायला जीभसुद्धा लागत नाही, मान हलवली तरी पुरे. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्यातला एक कुकर लक्ष्मम्मानेच लावून ठेवलेला असणार.

ती म्हणाली, मग नव्हता म्हणा. तेवढं तरी म्हणा.

ते तेही म्हणाले नाहीत. नव्हता म्हणणं खोटं झालं असतं आणि होता म्हणणं शपथ मोडणं झालं असतं, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये त्या माणसाकडे तिच्यासाठी काही शिल्लक नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. ती दाराच्या चौकटीला एक हात लावून उभी होती. शिट्ट्या थांबल्या. तिने पदर खोचला, एकदा त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं, आणि गेली. फाटक तिने हळू लावून घेतलं.

मी खाली उतरले. मला त्यांना खूप बोलायचं होतं. कुठल्या जर्मन गावाशी, कुठल्या मेलेल्या सभेशी तुम्ही हे इमान राखता, आणि ज्या एका माणसाने तुमच्या महापौराच्या पोरीसाठी डोळे पुसले तिला असं पाठवता. मुद्दे तयार होते.

अण्णा अजून उभेच होते, फाटकाकडे तोंड करून. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"अक्का," ते म्हणाले, "ती स्वल्प थांबली होती, नाही?"

"हो अण्णा," मी म्हटलं. "बराच वेळ."